चौथ्या दिवसाचं न्हाणं

पिल्लू अर्धं बाहेर आलं होतं आणि अर्धं आत अडकलं होतं. मागचे दोन पाय आणि शेपूट दिसत होती. ते हलत नव्हतं. कुत्री दवाखान्यातल्या पत्र्याच्या टेबलावर आडवी पडली होती आणि मी तिचं तोंड धरलं होतं, कारण ती कंपाउंडरला चावली होती आणि मला चावणार नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मलाही चावलीच. अंगठ्याजवळ अजून खूण आहे. तरी मी हात सोडला नाही, पण त्यात शौर्य काही नाही. हात तिच्या दातांत होता, सोडणार कसा?

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, पिल्लं आत मेली आहेत. वास येतोय, म्हणजे आज मेलेली नाहीत. पोट उघडावं लागेल. पिशवी सडली आहे, तीही काढावी लागेल. नाही काढली तर ही संध्याकाळ बघणार नाही." मग तिनं एक कागद पुढे केला. "सही कोण करतंय?"

इंजेक्शनांच्या पुस्तिकेत मालक म्हणून माझ्या मुलाचं नाव आहे. तो दारात उभा राहून बायकोला फोन लावत होता. ती पलासियाला ऑफिसात होती आणि उचलत नव्हती. "एक मिनिट, डॉक्टर," तो म्हणाला. "हिला विचारतो. नाहीतर अजून एखाद्या डॉक्टरला दाखवू का? आई, तुला काय वाटतं?"

पिशवीच्या बाबतीत मला काय वाटतं हे आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला विचारलं, आणि तेही कुत्रीच्या पिशवीबद्दल.

मी म्हटलं, "पेन दे इकडे."

डावा हात कुत्रीच्या तोंडात होता. उजव्या हातानं सही केली. मला सही येते, मी चौथी शिकलेली आहे.

हे तिथवर गेलं ते माझ्यामुळे. ते झाकून लिहिण्यात अर्थ नाही.

कुत्री आमच्या गल्लीतलीच. जुनी इंदूर मोहल्ल्यात आमच्या घराशेजारी बांधकाम चालू होतं, तिथे वाळूच्या ढिगावर चार पिल्लं होती. तीन नर होते, ते आठ दिवसांत लोकांनी उचलून नेले. ही मादी उरली. मुलानं तिला घरात आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, "ही ब्याद कशाला?" महिन्याभरानं ती एका मोटरसायकलखाली आली, कंबरेचं हाड मोडलं आणि आपोआप वाकडंतिकडं जुळलं. तेव्हापासून ती मागच्या पायांनी जरा तिरकी चालते. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की मान वर करून रडते. घरात सगळे तिला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात. मी "ए" म्हणते, आणि ती माझ्याकडेच येते, कारण खायला मी घालते. त्यापेक्षा जास्त काही तिच्यात आणि माझ्यात आहे असं मला वाटत नाही.

ती आठ-नऊ महिन्यांची झाली तेव्हा जेवताना सुनेनं विषय काढला. "आई, हिचं ऑपरेशन करून टाकू या. मी वाचलंय फोनवर. पुढे पिशवीत गाठी होतात, पू होतो. एकदा पिशवी काढली की झंझट खतम."

झंझट खतम. हे दोन शब्द तिनं वापरले नसते तर कदाचित मी गप्प बसले असते.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मूल पोटात आडवं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा मला काही समजत नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर टाके होते आणि मूल नव्हतं. मुलगा होता म्हणाले. कुठे ठेवला ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "विचारून काय करणार आहेस?"

घरी आल्यावर दोन महिने गेले, तीन गेले, मला पाळी आली नाही. आमच्या घरात तेव्हा कडक होतं. बाई बाहेरची झाली की मागच्या पडवीत चार दिवस पोत्यावर बसायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात यायचं. मी सासूबाईंना म्हटलं, "अजून मी बाहेरची झाले नाही, काही दोष तर नसेल?" त्या मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आता तुला बाजूला बसायचं कामच नाही. पिशवी काढली तुझी. त्यानं सही केलीय. चल, झंझट खतम." आणि मग, "ही जुडी घे, देठं काढ."

मी देठं काढली. आता कधी पडवीत बसावं लागणार नाही म्हणून आधी बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते.

नवऱ्याला विचारलं, "मला न विचारता कशी सही केलीत?"

तो म्हणाला, "तू शुद्धीत होतीस का विचारायला?"

शुद्धीत नव्हते हे खरं. पण नंतर चाळीस वर्षं शुद्धीतच होते. तेव्हा सांगायचं. का काढली, डॉक्टर काय म्हणाले, दुसरा काही इलाज होता का. एवढंच सांगायचं होतं. तो गेला तोवर सांगितलं नाही. "तुला काय कळणार त्यातलं" हे मात्र पुष्कळदा सांगितलं.

तर सुनेनं झंझट खतम म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. सुनेच्या लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. पलासियाच्या, तुकोगंजच्या दवाखान्यांत तिनं किती चकरा मारल्या, किती सुया टोचून घेतल्या, ते मी बघितलं आहे. सगळं माहीत असताना मी म्हटलं, "तुला झालं नाही, म्हणून तिलाही होऊ द्यायचं नाही का?"

मुलगा भात कालवत राहिला. सून उठली, ताट मोरीत ठेवलं, हात धुतले आणि खोलीत गेली. त्या दिवसापासून कुत्रीबद्दल एक अक्षर ती माझ्याशी बोलली नाही. बाकी सगळं बोलायची. दूध आलं का, गॅस कधी संपला, हे सगळं. कुत्रीचं नाही.

मुलाला आयतंच झालं. पुढे होणारी पिल्लं त्यानं आधीच तोंडी वाटून टाकली होती. पीथमपूरच्या त्याच्या कारखान्यातल्या दोघांना एकेक, समोरच्या घरातल्या किराणावाल्याला एक. हा किराणावाला रोज ओट्यावरून ओरडायचा, "अम्माजी, अपना तो नर ही रखना हाँ! मादी मत टिका देना!" सगळ्यांना नरच पाहिजे होते. एकानंही मादी मागितली नाही. मी त्याला म्हटलं, "कुत्री फॅक्टरी आहे का भिया, ऑर्डरप्रमाणे काढायला?" तो म्हणाला, "अरे अम्माजी, आप बोल दोगी तो वो भी सुन लेगी।"

संक्रांतीनंतर मुलाबरोबर मी तिला इंजेक्शन द्यायला तुकोगंजच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण नवीन होती, सोलापूरकडून इथे आलेली. आम्ही मराठी म्हटल्यावर तिला फार आनंद झाला. कुत्रीच्या कंबरेवरून हात फिरवून तिनं विचारलं, "आजी, ही माजावर आली होती का कधी?"

मी म्हटलं, "छे हो! हिला कसला माज? उलट फार गरीब आहे. पोरं शेपूट ओढतात तरी चुप बसते."

ती जी हसायला लागली ती थांबेना. कंपाउंडर विचारायला लागला, "क्या हुआ मॅडम?" तिनं त्याला हिंदीत समजावलं. मग तोही हसला. "अम्मा तो कमाल हैं!" माझा मुलगासुद्धा हसला. त्याला तरी कुठे माहीत होता तो शब्द? पण हसला.

आमच्या घरात माज म्हणजे मस्ती, तोरा. बाई असो की जनावर, आम्ही "बाहेरची झाली" म्हणायचो. माझं सगळं आयुष्य इंदुरात गेलं, गाय-म्हैस मी फक्त रस्त्यावर बघितली. पण हे मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरीण डोळे पुसत म्हणाली, "आजी, राग मानू नका. तुम्ही इंदूरची माणसं मराठी बोलता की हिंदी, तेच समजत नाही मला."

मी म्हटलं, "आम्ही बोलतो ते बोलतो. तुम्ही सुई लावा."

मग ती गंभीर झाली. म्हणाली, हिचं कंबरेचं हाड वाकडं जुळलंय, आत जागा अरुंद आहे, पिल्लू अडणार. ऑपरेशन करून घ्या, पुढच्या आठवड्यात आणा. "आणि नाहीच आणली, तर माजावर आल्यावर तरी नीट जपा. बाहेर सोडू नका."

किती दिवस जपायचं, हे विचारायला हवं होतं. तिनंही सांगितलं नाही, मला माहीत असेल असं तिला वाटलं असेल. मी विचारलं नाही, कारण तो शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघाला असता आणि ती दोघं पुन्हा हसली असती. मी उठले आणि कुत्रीला घेऊन बाहेर आले.

रिक्षात मुलगा म्हणाला, "मग काय करायचं? करून टाकू का?"

"काही नको," मी म्हटलं. "पिल्लं नको तर नको. मी सांभाळीन तिला. पण पिशवी राहू दे तिची तिच्याजवळ."

कुत्रीच्या भल्यासाठी मी हे म्हटलं नाही. मला एकदा कोणाला तरी नाही म्हणायचं होतं. जिथे म्हणायचं होतं तिथे मी बेशुद्ध पडले होते. म्हणून इथे म्हटलं.

होळीच्या सुमाराला ती बाहेरची झाली. फरशीवर थेंब दिसले. त्याच दुपारी गल्लीतले कुत्रे दाराशी गोळा झाले, पाच-सहा तरी असतील. मी तिला मागच्या पडवीत नेली, पोतं टाकलं, पाण्याचं भांडं वेगळं ठेवलं आणि दार लावून घेतलं. पडवी तीच. पोतं ठेवलं तो कोपराही तोच, तिथे ऊन येत नाही. मी खुर्ची टाकून काठी घेऊन बसले. सून ऑफिसातून आली की पडवीच्या दाराकडे बघायची आणि पुढे जायची. एकदा थांबली. मला वाटलं काही बोलेल. मी तिच्याकडे बघितलं, तशी ती गेली.

चार दिवस मी तिला जपलं. चौथ्या दिवशी गरम पाणी काढून डोक्यावरून न्हाऊ घातलं, साबण लावला, पोतं धुऊन वाळत घातलं. पाचव्या दिवशी दार उघडलं.

बाईचे चार दिवस. कुत्रीचे चार नसतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सत्तर वर्षांच्या बाईला हे ठाऊक नसावं यावर आता सगळे हसतात, आणि हसावं. पण मला जे शिकवलं ते एवढंच होतं, चार दिवस आणि न्हाणं. त्याच्यापुढचं मला कोणी कधी शिकवलं नाही, माझ्या स्वतःच्या शरीराचंसुद्धा नाही.

आठवड्यानं मी भाजी घेऊन येत होते. समोरच्या ओट्याखाली ती आणि एक काळा कुत्रा पाठीला पाठ लावून अडकले होते. किराणावाला बालदीनं पाणी ओतत होता आणि हसत होता. "लो अम्माजी, काम हो गया! अपना नर पक्का!"

मी घरी येऊन हिशेब केला. न्हाणं होऊन आठ दिवस झाले होते. म्हटलं, दिवस उलटून गेल्यावर काय होणार आहे? काही होणार नाही. आणि कोणाला काही बोलले नाही.

झालं. पुढे पोट दिसायला लागलं. मुलगा खूश झाला. दवाखान्यात न्यावं असं मला दोन-तीनदा वाटलं, पण त्या डॉक्टरणीसमोर उभं राहून काय सांगणार होते? सुनेनं काय ते ओळखलं असणार. ती कुत्रीला अंडं उकडून घालायची, माझ्यासमोर नाही.

मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, ती खाईना. एक दिवस गेला. मी म्हटलं, उन्हानं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीतल्या त्याच कोपऱ्यात जाऊन कळा द्यायला लागली. खालून हिरवट-काळं पाणी आलं. दुपारी बारा वाजेपर्यंत ते दोन पाय बाहेर आले आणि थांबले. मुलगा दुसऱ्या शिफ्टला जायचा होता म्हणून घरी होता, नाहीतर मी एकटी तिला उचलूही शकले नसते. दवाखान्यात पोचल्यावर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

सही केल्यावर आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. कंपाउंडरनं माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली. "अम्मा, आपको भी इंजेक्शन लगवाना पड़ेगा।" मी हो म्हटलं. आत यंत्राचा आवाज येत होता. मुलगा येरझाऱ्या घालत होता.

त्या बाकावर मला नवऱ्याची आठवण आली. त्यालाही कोणीतरी असाच कागद पुढे केला असेल. असंच सांगितलं असेल, मूल गेलं आहे, पिशवी नाही काढली तर ही संध्याकाळ बघणार नाही. तोही असाच पेन घेऊन उभा असेल. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं असं नाही. मी सुचू दिलं नव्हतं. आता विचारायला तो नाही. सासूबाई नाहीत. माझा जीव वाचवायला सही केली, की झंझट खतम करायला, हे मला आता कधीच समजणार नाही. मी त्याला माफ केलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. इतकी वर्षं नुसता राग होता. आता त्या रागाची खात्री राहिली नाही, आणि राग तसाच आहे. हे जास्त वाईट आहे.

तासाभरानं कंपाउंडर स्टीलचं तसराळं घेऊन आला. वर कापड होतं. "अम्मा, पाँच थे। देखना है या ले जाऊँ?"

मुलगा म्हणाला, "नको, नको, घेऊन जा."

मी म्हटलं, "दाखव."

मी कापड उचलून बघितलं. माझं मला कोणी दाखवलं नव्हतं. पाच होती, हाताच्या तळव्याएवढी. दोन काळी, तीन तिच्या रंगाची. तीन नर आणि दोन माद्या. मी विचारलं, "कहाँ ले जाते हो?" तो म्हणाला, अशा कचऱ्याची गाडी वेगळी येते, ती नेते. बरं झालं, निदान कुठे नेतात ते समजलं.

सून सहा वाजता आली. धावत आली होती, ओढणी एकीकडे लोंबत होती. मुलानं तिला सगळं सांगितलं. ती माझ्याजवळ बाकावर बसली, पट्टीकडे बघितलं.

"चौथ्या दिवशी न्हाऊ घातलंत तेव्हाच मला समजलं होतं," ती म्हणाली. "तीन आठवडे बांधून ठेवावं लागतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायला जागा ठेवली होती का?"

नव्हती ठेवली. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिची माफी मागितली नाही. मला ते येत नाही, आणि त्या बाकावर बसून शिकायचं माझं वय नव्हतं. तिनं बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही. अजून आमचं कुत्रीबद्दल बोलणं होत नाही. दोघी तिला दोन वेगळ्या वेळी खायला घालतो आणि ती दोन्ही वेळा खाते.

तीन दिवसांनी कुत्रीला घरी आणलं. पोटाला पट्टा होता, गळ्यात प्लास्टिकचा मोठा घोळदार गळपट्टा, त्यात तोंड अडकल्यामुळे दारांना आपटत चालत होती. पडवीचं दार मी आता लावत नाही. तरी ती तिथे जात नाही. माझ्या खाटेच्या पायथ्याशी पडून राहते.

तिला आणलं त्या दिवशी समोरचा किराणावाला ओट्यावर बसला होता. आम्ही रिक्षातून उतरत होतो तेव्हा म्हणाला, "अम्माजी, सुना सब ख़तम हो गया? नर कितने थे?"

"तीन," मी म्हटलं.

"च्च. और ये? ये बच गई?"

पाचांतलं एकही जगलं नाही. ती जगली.